चिंतेच्या आजारावर थेरपी: बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनी कुठे जावं, काय मागावं

पाऊस लांबला, मुलीचं लग्न तोंडावर आलं, तर काळजी वाटणारच. ती काम पार पडलं की ओसरते. आजार वेगळा. त्यात कारण सरतं, पण धास्ती सरत नाही. झोप उडते, छाती धडधडते, गर्दीत जीव घाबरा होतो आणि असं महिनोन्‌महिने चालतं. याला औषध आहे, तशी थेरपीही आहे, म्हणजे बोलून आणि सराव करून घेतले जाणारे उपचार. आपल्या भागात गोळी सहज लिहून मिळते, थेरपी मात्र बहुधा तोंड उघडून मागावी लागते.

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून शरीर तपासून घ्या: थायरॉईडची टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब आणि एक ईसीजी. थायरॉईड वाढला किंवा रक्त कमी असलं तरी अशीच धडधड होते. दिवसाला किती चहा होतो, तंबाखू किंवा मिश्री किती वेळा लागते, तेही खरं सांगा; दोन्हींनी ठोके वाढतात. ईसीजी चांगला आला आणि डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलं, तर केवळ भीतीपोटी दर पंधरवड्याला तो पुन्हा काढू नका. त्यानं मिळणारा दिलासा दोन दिवसांत विरतो आणि पुढच्या तपासणीची ओढ लागते. मात्र छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटून दम लागत असेल, तर घाबरल्यामुळे होतंय असं समजून थांबू नका. १०८ ला फोन करा.

आता जायचं कुणाकडे? मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते निदान करतात आणि औषध लिहितात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, थेरपी देतात. त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी आहे का ते विचारा. नोंदणी क्रमांक मागण्यात उद्धटपणा काहीच नाही. ‘काउन्सेलर’ अशी पाटी मात्र थोड्या दिवसांचा कोर्स करूनही लावता येते, म्हणून तिथे शिक्षण आणि अनुभव आवर्जून विचारावा.

बेळगावात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आणि नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहेत. धारवाडची डिमहान्स ही खास मानसिक आरोग्याची सरकारी संस्था. कर्नाटकाच्या मनोचैतन्य कार्यक्रमात तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचार ओपीडी ठेवली जाते. निघण्याआधी आपल्या तालुक्यात त्या आठवड्याला डॉक्टर येणार आहेत का ते विचारून घ्या. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. थेरपी आठवड्याला एकदा असते, त्यामुळे नावाजलेलं पण लांबचं ठिकाण धरण्यापेक्षा दर आठवड्याला खरोखर जाता येईल असं ठिकाण धरा. चौथ्या आठवड्याला एसटीचा कंटाळा येऊन उपचार तुटतात, हे फार होतं.

आणि भाषा. बाजारापुरतं कानडी सगळ्यांनाच येतं. पण ‘काळजात धस्स होतं’ किंवा ‘जीव घाबरायलाय’ हे ज्या भाषेत आतून उठतं, त्याच भाषेत ते सांगता आलं पाहिजे. केस पेपर काढतानाच सांगा, मला मराठी बोलणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ हवेत. तसं कुणी नसेल तर दुभाषा म्हणून नवऱ्याला, सासूला किंवा मुलाला बसवू नका, कारण निम्म्या गोष्टी त्यांच्यासमोर बोलवतच नाहीत. रुग्णालयातल्या नर्स किंवा समाजसेविकेची मदत मागा. व्हिडिओवरून मराठी थेरपिस्ट घेणं हाही चांगला मार्ग आहे. अट एकच, बोलणं दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही अशी जागा हवी. सरकारची टेलीमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे आणि भाषा निवडता येते. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. तिथे लगेच फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा.

पहिल्या भेटीला एक कागद लिहून न्या: त्रास कधीपासून, आठवड्यात किती वेळा, त्या वेळी अंगात काय होतं, काय काय टाळायला लागलात, झोप किती, चालू गोळ्या कोणत्या. ऐनवेळी डोकं रिकामं होतं, तेव्हा हाच कागद कामाला येतो.

चिंतेसाठी सगळ्यात जास्त पारखलेली थेरपी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि वागण्याची सवय बदलण्यावर काम करणारी. एक सत्र ४५ ते ६० मिनिटांचं, साधारण १२ ते १६ सत्रं. पहिली एक-दोन माहिती घेण्यातच जातात, म्हणून ‘नुसतं विचारतात, करत काही नाहीत’ म्हणून सोडू नका. पुढे खरं काम सुरू होतं. समजा, खानापूरहून बेळगावला बसनं जायची भीती आहे. आधी पायऱ्या पाडतात: स्टँडवर जाऊन वीस मिनिटं बसणं, मग सोबतीला कुणी घेऊन पुढच्या थांब्यापर्यंत, मग तेवढंच एकट्यानं, शेवटी गर्दीच्या वेळी थेट बेळगाव. प्रत्येक पायरीआधी कागदावर लिहायचं, ‘मी चक्कर येऊन पडेन’ आणि उतरल्यावर लिहायचं, काय झालं ते. भीती चढली असताना मध्येच उतरलात, तर मनाला कळतं की उतरलो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती जास्त येते. दारालगतचीच सीट धरणं, खिशातली गोळी चाचपत राहणं, यांतूनही हेच होतं. म्हणून हे आधारही एकेक करून सोडवतात. हा गृहपाठ झाला नाही तर नुसत्या बोलण्यानं फारसं हलत नाही. पाच-सहा सत्रांनंतरही केवळ धीरच दिला जात असेल, तर ‘आपण कशावर काम करतोय?’ असं सरळ विचारा. उत्तर नीट नसेल तर थेरपिस्ट बदला.

औषध सुरू केलं असेल तर चिंतेवर नेहमी दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीचे काही दिवस उलट बेचैनी, मळमळ वाढू शकते, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोक गोळी बंद करतात. त्रास झाला तर डॉक्टरांना कळवा. बरं वाटलं तरी आपल्या मनानं एकदम थांबवू नका. अल्प्राझोलामसारखी गोळी तासाभरात शांत करते, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणली जाते. तिची सवय लागते. ती डॉक्टरांनी सांगितली तेवढीच आणि तितकेच दिवस घ्यावी. आधीच बरेच दिवस घेत असाल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

गावात कळेल या भीतीनं पुष्कळ जण जातच नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. घरच्यांना काय आणि किती सांगायचं ते पहिल्याच भेटीत थेरपिस्टशी ठरवून घ्या. ज्याला सांगाल त्याला कामही नेमून द्या: स्टँडपर्यंत सोबत यायचं, पण ‘चल, आज राहू दे, घरी जाऊ’ असं म्हणायचं नाही.