कार्डावरचा घोडा नाहीसा होतो तेव्हा

स्वमग्न मुलांसाठी ऑगमेंटेड रिॲलिटीचे (कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या जागेत आभासी वस्तू दाखवणारे) शैक्षणिक खेळ करू पाहणाऱ्यांना युनिटी (असे खेळ बनवण्याचे सॉफ्टवेअर) किंवा मार्कर (कॅमेरा ओळखतो ते छापील कार्ड) ठाऊक असतातच. 2017 मध्ये ॲपलचे एआरकिट आणि पुढच्या वर्षी गूगलचे एआरकोअर ही यासाठीची तयार साधने आल्यापासून टेबलावर त्रिमितीय घोडा उभा करणे सोपे झाले आहे. अवघड आहे तो तिथे टिकवणे, आणि नवशिक्यांचा (माझाही) बहुतेक वेळ त्यातच खर्ची पडतो.

मूल घोड्याला हात लावायला जाते, हाताखाली कार्ड झाकले जाते, कॅमेऱ्याला मार्कर दिसेनासा होतो आणि घोडा गायब होतो. ट्रॅकिंगची (कॅमेऱ्याने मार्करचा माग ठेवण्याची) स्थिती बदलताच वस्तू लपवणारी ओळ आपण नमुना कोडमधून जशीच्या तशी उचललेली असते. आपल्याला ही किरकोळ त्रुटी वाटते, पण पुढे काय घडणार हे ठाऊक असण्यावर ज्या मुलाची सारी भिस्त असते, ते यातून ‘हात लावला की वस्तू नाहीशी होते’ एवढेच शिकते. मग एखादे मूल कार्डाला पुन्हा हात लावत नाही, तर दुसरे घोडा गायब करण्याचाच खेळ मांडून बसते आणि खेळातून शिकायची मोजणी बाजूला राहते. म्हणून ट्रॅकिंगची स्थिती ‘लिमिटेड’ (मार्कर नीट दिसत नसल्याची) झाली तरी वस्तू शेवटच्या जागी स्थिर राहू द्यावी आणि कार्ड पुन्हा दिसल्यावर ती झटका न देता सावकाश जागेवर आणावी. शक्य असेल तर घोडा कार्डावर उभा न करता त्याच्या पलीकडच्या कडेला उभा करावा, म्हणजे हात मध्ये येत नाही. चकचकीत लॅमिनेशन टाळावे, कारण त्यावर दिव्याची तिरीप पडली की मार्कर हरवतो. टॅब्लेट स्टँडवरच हवा. एका हाताने तो धरून दुसऱ्या हाताने खेळणे मोठ्यांनाही जमत नाही.

बरोबर उत्तरानंतर दाखवायच्या बक्षिसांचे (आवाज व हालत्या चित्रांचे) तयार संच विकत घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. संवेदनांना मिळणारा तीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत स्वमग्नतेच्या निकषांत आला, तरीही या संचांत टाळ्यांचा कडकडाट आणि लखलखाट असतोच. आवाज व हालचाल स्वतंत्रपणे बंद करता आली पाहिजे. चुकीच्या उत्तराला गमतीदार आवाज दिला, तर मूल मुद्दाम चुकेल, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसेल.

मार्गदर्शक म्हणून अनुभवी प्रोग्रॅमरच्या आधी विशेष शिक्षिका गाठावी. त्या तुमचा अर्धा खेळ काढून टाकायला सांगतील. वाईट वाटेल, पण घाबरू नका, उरलेला अर्धा बहुधा चालतो. पडद्यावर पाच चेंडू मोजणारे मूल खरे चेंडू मोजेलच असे नसते, म्हणून प्रत्येक पातळीच्या शेवटी टॅब्लेट बाजूला ठेवून तेच काम खऱ्या वस्तूंवर करून घ्यावे, आणि ते तिथे जमत नसेल तर पुढची पातळी उघडू नये.