जुन्या वस्तूंचा ऑनलाइन धंदा घरातून कसा करावा

नवरात्राच्या आधीचे दिवस म्हणजे कोल्हापुरात घरं झाडायचे दिवस. पंचगंगेच्या घाटावर गोधड्या-चादरींचे ढीग धुवायला येतात, माळ्यावरची भांडी खाली उतरतात आणि "आता हे कोण वापरतंय?" म्हणत त्यातली निम्मी भांड्यांच्या दुकानात मोडीला जातात. वजनकाट्यावर चढलं की घंगाळ काय नि फुटका नळ काय, भाव एकच. ते घंगाळ भट्टीत जाण्याआधी जपणाऱ्या माणसाच्या घरी पोचवायचं आणि त्यातून स्वतःचं चार पैशांचं उत्पन्न उभं करायचं, एवढाच हा धंदा आहे. त्यासाठी दुकान लागत नाही. एक खोली, बरा कॅमेरा असलेला मोबाईल, दहा किलोचा डिजिटल काटा, मोजपट्टी आणि एक जाड वही पुरते. यातली वही सर्वांत महत्त्वाची.

आधी एकच प्रकार धरा

सुरुवातीला घड्याळंही घ्यावीत, रेडिओही, साड्याही असं वाटतं. तसं करू नका. प्रत्येक प्रकारात ओळख वेगळी, फसवणूक वेगळी आणि गिऱ्हाईकही वेगळं. पहिले सहा महिने एकाच प्रकारात घाला. कोल्हापुरात राहणाऱ्याला माझा सल्ला तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. ती इथे घराघरात आहेत, फुटत नाहीत, खराब होत नाहीत आणि नाहीच विकली तरी मोडीचा भाव येतो, म्हणजे भांडवल बुडत नाही. बंब, घंगाळ, कळशी, समई, पानाचा डबा, अडकित्ता, फिरकीच्या झाकणाचा तांब्या या वस्तूंना पुण्या-मुंबईत फ्लॅट सजवणारे लोक मनापासून शोधत असतात.

दुसरा इथला खास प्रकार म्हणजे सिनेमाचा कागद. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली. 'प्रभात'ही १९२९ साली इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्यामुळे जुन्या घरांत कधी पोस्टर, कधी गाण्यांची पुस्तिका निघते. पण यात नव्याने छापलेल्या नकला फार आहेत. भिंग घेऊन कागद, घडीच्या रेषा, शाईचे ठिपके पाहण्याची सवय झाल्याशिवाय यात पैसे घालू नका.

वस्तू आणताना

भंगारवाले, भांड्यांचे दुकानदार, लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार, पेठांमधली पाडायला निघालेली जुनी घरं हे सगळे मार्ग आहेत. भांड्यांच्या दुकानदाराला एकदा भेटून सांगून ठेवा: मोडीत चांगला नग आला तर बाजूला ठेवा, मोडीच्या भावावर वर पैसे देतो. दोनदा शब्द पाळला की तिसऱ्या वेळी फोन तोच करतो. पितृपक्षात लोक नवी खरेदी टाळतात, पण घरातली अडगळ याच पंधरवड्यात निघते. तेव्हा हातात थोडे पैसे राखून ठेवा.

सगळ्यात चांगला माल थेट घरांतून येतो, आणि तिथेच माणसाची परीक्षा होते. शुक्रवार पेठेतल्या एका आजींनी मला तांब्याचा बंब दाखवला होता. "ने बाबा, काय द्यायचं ते दे. नुसती अडगळ झालीया," म्हणाल्या. मी काटा काढला, त्यांच्यासमोर वजन केलं आणि सांगितलं, "आजी, मोडीत घातला तर आज इतके येतील. मी त्याच्या वर इतके देतो. आणि हा विकला जाईल तो याच्यापेक्षा जास्तीला, ते माझे." त्यांनी बंब तर दिलाच, शेजारच्या दोन घरांत स्वतः घेऊन गेल्या. मोडीचा भाव आधी उघड सांगायचा ही पद्धत मी तेव्हापासून सोडलेली नाही. पेठेत बातमी गल्लीभर फिरते, फसवल्याची आणि न फसवल्याचीही.

खरेदी झाली की तिथेच वहीत लिहा: तारीख, कुणाकडून, वजन, दिलेली रक्कम, वस्तूबद्दल घरच्यांनी सांगितलेली माहिती आणि देणाऱ्याची सही. घरातून घेतलेल्या वस्तूला बिल नसतं, ही सहीच तुमचं बिल. चोरीचा माल माहीत असून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. रस्त्यावर कुणी अनोळखी पोरगा समई घेऊन आला आणि नाव सांगायला कां-कूं करू लागला, तर कितीही स्वस्त असो, हात जोडा.

काय घ्यायचं नाही

हा भाग दोनदा वाचा. पुरावस्तू व कलामूल्यवान वस्तू कायदा १९७२ चा. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं, कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून जुन्या पेटीत मोडी लिपीतल्या कागदांचं बाड निघालं, तर ते विकायला लावू नका. घरच्यांना पुराभिलेखागाराचा किंवा विद्यापीठाचा रस्ता दाखवा. देवळातली वाटेल अशी मूर्ती घेऊच नका.

"पाया खणताना सापडलं" असं कुणी म्हणालं तर तेही नको. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात निघालेल्या वस्तू आज टाऊन हॉल संग्रहालयात आपण पाहतो. त्या मोडीत गेल्या असत्या तर या गावाचा दोन हजार वर्षांचा मागमूस गेला असता.

हस्तिदंत, वाघनखाचं लॉकेट, सांबरशिंग, कातडी या सगळ्याला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. आजोबांच्या काळातलं आहे म्हणून सूट मिळत नाही. तलवार, दांडपट्टा, ठासणीची बंदूक शस्त्र कायद्याच्या कचाट्यात येऊ शकते. त्या वाटेला जाऊ नका. आणि जाहिरातीत प्रत्येक वस्तूला 'अँटिक' लिहिण्याची सवय लावून घेऊ नका. 'जुनं' हा शब्द पुरेसा आहे.

तपासणी

पितळ आहे की वरून मुलामा, हे लोहचुंबकाने कळतं: आत लोखंड असेल तर चिकटतं. आतली कल्हई उडालेली असेल तर तसं लिहा, कारण कल्हईशिवाय पितळेत आंबट शिजवू नये. भांड्यावर कोरलेलं नाव नीट वाचा. 'चि. सौ. कां. अमकी हिस लग्नात भेट' आणि खाली साल, असं असेल तर वस्तूचं वय तुम्हाला आयतंच मिळालं. मात्र ते नाव जाहिरातीत दाखवायचं की नाही, हे त्या घराला विचारा. काहींना आवडतं, काहींना वाईट वाटतं.

पुढे घड्याळांकडे वळलात तर एचएमटीपासून सुरू करा. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला सुरू झालेली ही घड्याळं घराघरात आहेत. पण जुनी तबकडी खरवडून भडक रंगाची नवी रंगवलेली घड्याळं बाजारात भरपूर फिरतात. मागचं झाकण उघडून दाखवायला नकार दिला तर घेऊ नका. व्हॉल्व्हचा रेडिओ आणला तर थेट प्लग लावू नका. वायरी आणि कपॅसिटर म्हातारे झालेले असतात, आधी मेकॅनिककडे न्या. रेडिओला पूर्वी पोस्टातून परवाना लागायचा. ते परवान्याचं पुस्तक सोबत मिळालं तर जपून ठेवा, त्यातल्या शिक्क्यांवरून रेडिओ केव्हापासून त्या घरात होता ते सांगता येतं.

लाकडी सामान घेताना पाय उलटे करून बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेलं फर्निचर इथे अजून फिरतं. गाळाची फिकट रेषा, फुगलेले सांधे, कुबट वास ही त्याची खूण. आणि तुमचा साठा कुठे ठेवता तेही बघा. शाहूपुरी-व्हीनस कॉर्नरकडे तळमजल्याला खोली असेल तर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की माल वर हलवायचा, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहायची नाही.

साफ किती करायचं

सुरुवातीला मी एक सुरेख काळपट समई ॲसिडने लख्ख केली. गिऱ्हाईकाने फोटो पाहून विचारलं, "नवी आहे का?" तो काळपटपणा पन्नास-साठ वर्षांत चढलेला होता आणि परत आणता येत नाही. तेव्हापासून नियम: आधी कोमट पाणी आणि मऊ ब्रश, मग चिंच, तेही एका कोपऱ्यावर करून बघून. आहे तसं विकावं, चकचकीत करायचं की नाही ते घेणाऱ्याने ठरवावं.

फोटो आणि वर्णन

ऑनलाइन गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन ठोकून बघू शकत नाही. ते काम तुमच्या शब्दांनी करायचं. सकाळी आठ-नऊच्या सुमारास खिडकीच्या उजेडात, साध्या करड्या कापडावर फोटो काढा. समोरून, वरून, बुडाकडून, कोरलेल्या खुणेचा आणि काट्यावर ठेवून वजनाचा. पोचे, चीर, डाग लागलेली जागा जवळून, आणि तो फोटो शेवटी लपवायचा नाही, तिसरा ठेवायचा.

वर्णन असं असावं: "पितळी पानाचा डबा, आत सहा वाट्या, एक वाटी नंतरची. लांबी २२ सेंमी, वजन १ किलो ३४० ग्रॅम. झाकणाची बिजागरी सैल. कोल्हापुरातल्या घरातून घेतलेला." काळ पुराव्याशिवाय लिहायचा नाही. वस्तूचं नाव मराठीत लिहा, इंग्रजी अक्षरांतही लिहा. शोधणारा दोन्ही तऱ्हांनी शोधतो.

किंमत

दुसऱ्यांनी मागितलेल्या किमती पाहून फसू नका. विकल्या गेलेल्या किमती बघा. मग वहीत मांडा. समजा डबा ९०० ला घेतला. पेट्रोल ६०, खोका-बबल रॅप ९०, कुरिअर १८०. झाले १२३०. १४०० ला विकला तर वरवर ५०० सुटल्यासारखे वाटतात, सुटतात १७०. त्यात तुमचे दोन तास धरलेलेच नाहीत.

विक्री आणि भामटे

फेसबुक मार्केटप्लेस आणि ओएलएक्स जवळच्या गिऱ्हाईकासाठी, इन्स्टाग्राम लांबच्यासाठी, व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग जुन्या गिऱ्हाईकांसाठी. चारही ठिकाणी तीच वस्तू लावली असेल तर विकल्याबरोबर सगळीकडून काढा.

"मी सैन्यात आहे, न बघता घेतो, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" असा फोन येईलच. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की तो माणूस पैसे देणारा नव्हे, नेणारा आहे. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. जुन्या नोटा-नाण्यांचे लाखो देतो म्हणणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये सावध केलं आहे.

महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. पण करपात्र वस्तू राज्याबाहेर विकायला लागलात की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला काही अटींवर फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरण्याची सोय आहे. बेळगावचं पहिलं गिऱ्हाईक मिळण्याआधी कर सल्लागाराकडे वही घेऊन जा.

पॅकिंग

कुरिअरवाले नुसतं वजन नाही, आकारमानही मोजतात आणि दोन्हींत जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. आकारमानाचे किलो म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले बहुधा ५०००. घंगाळाचा खोका ६० बाय ६० बाय ३५ झाला तर हिशेब २५ किलोचा होतो, घंगाळ भले सहा किलोचं असो. म्हणून मोठी भांडी गावातच विका किंवा पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवा आणि गिऱ्हाईकाला स्टँडवरून न्यायला सांगा.

बाकी वस्तूंना दोन खोके. आतल्या आणि बाहेरच्या खोक्यात चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर जागा, ती कागदाच्या बोळ्यांनी गच्च. झाकण वेगळं गुंडाळा, पोकळ भांडं आतूनही भरा. चिनी मातीची एक बरणी मी आतून न भरता पाठवली होती, ती पोचली तुकड्यांत. बंद खोका हलवून बघा: काही वाजलं तर उघडा. पॅकिंगचा व्हिडिओ काढून ठेवा, गिऱ्हाईकालाही उघडताना काढायला सांगा.

वर्णनापेक्षा वेगळी किंवा सदोष वस्तू गेली तर ती परत घ्यावी लागते, ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक नियम तसंच सांगतात. वाद घालू नका. वस्तू हाती आली की त्याच दिवशी पैसे द्या, काय राहून गेलं होतं ते वहीत त्या नगापुढे लिहा आणि पुन्हा विकायला लावताना पहिली ओळ तीच ठेवा.