वसाहतकालीन अमेरिकन चहाचे टेबल कसे पारखावे

अठराव्या शतकात अमेरिकन वसाहतींत घडलेले चहाचे टेबल समोर आले, की वरच्या चकाकीत न गुंतता आधी त्याची खालची बाजू पाहावी. फिलाडेल्फियाच्या अशा एका नक्षीदार टेबलाला १९८६ साली लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली होती. साध्या टेबलावर मागाहून नक्षी करणे किती फायद्याचे ठरते, हे त्यावरून कळेल.

प्रथम गोल फळीचा व्यास लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि मग रेषांना आडवा मोजावा. लाकूड आडव्या दिशेने आकसते, त्यामुळे अस्सल जुनी फळी सहसा पूर्ण गोल राहत नाही. दोन्ही मापे तंतोतंत जुळली, तर शंका घ्यावी. यानंतर नागमोडी उंच काठ तपासावा. मूळ कारागीर जाड फळी घेऊन तिचा मधला भाग खोल करीत असे आणि काठ त्याच लाकडात कोरीत असे. नक्षी मागाहून केली असेल, तर जाडी अपुरी पडते, काठ बुटका राहतो आणि खालून बसवलेल्या स्क्रूंची भोके कधीकधी वरच्या पृष्ठभागावर डोकावतात.

आता प्रदेश ओळखण्यासाठी पायांकडे वळावे. फिलाडेल्फियाच्या तिपाई टेबलात खांबाच्या तळाशी दबलेला गोळा आणि माथ्याशी चार छोट्या खांबांचा पिंजरा बऱ्याचदा आढळतो. या पिंजऱ्यामुळे फळी फिरतेही आणि उभीही करता येते. रोड आयलंडमधील न्यूपोर्ट शहरात गोडार्ड आणि टाउनसेंड या क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) घराण्यांनी चौकोनी, ट्रेसारख्या माथ्याची टेबले घडवली. या काळातील टेबलांच्या पायाचे टोक अनेकदा गोळा पकडलेल्या पंजाच्या आकारात कोरलेले असते; न्यूपोर्टच्या उत्तम कामात या पंजाची नखे गोळ्यापासून सुटी कोरलेली असून मधून प्रकाश आरपार दिसतो, आणि माझ्या मते त्या काळच्या कोरीव कामात याला तोड नाही. बोस्टनच्या पंजात बाजूची नखे मागे झुकलेली असतात, तर न्यूयॉर्कचा पंजा चौकोनी, बोजड वाटतो. कनेक्टिकटमध्ये महॉगनीऐवजी चेरीचे लाकूड पुष्कळदा वापरलेले दिसते.

मात्र कारागीर स्थलांतर करीत आणि आपली शैलीही सोबत नेत, म्हणून केवळ पंजावरून निकाल देऊ नये. चौकोनी टेबलाच्या आतील, न दिसणाऱ्या भागांचे लाकूडही पाहावे. तेथे पांढरे पाइन असेल तर न्यू इंग्लंडचा (बोस्टन, न्यूपोर्ट, कनेक्टिकट यांच्या ईशान्येकडील प्रदेशाचा), ट्युलिप पॉपलर असेल तर फिलाडेल्फियाच्या परिसराचा अंदाज बळावतो. ही तपासणी संपेपर्यंत पॉलिश खरवडू नये.