छोट्या पिस्तुलांची मॅच भरवताय? या चुका टाळा

टेक्सासात नेमबाजीच्या नेहमीच्या मॅचेसच्या जोडीला अधूनमधून एखादा क्लब फक्त कॅरी गनची मॅच ठेवतो. कॅरी गन म्हणजे लोक खिशात, कमरेला किंवा घोट्याला लपवून बाळगतात ती छोटी पिस्तुलं आणि पाच गोळ्यांची आखूड रिव्हॉल्व्हरं. कल्पना झकास आहे. पण सेफ्टी ऑफिसर म्हणून टायमर हातात घेऊन उभं राहिलं की दर वेळी त्याच चुका दिसतात, आणि बहुतेकींचं मूळ एकच असतं: आयोजक मोठ्या मॅचचा आराखडा उचलतो, वर 'छोट्या गनची' असं लिहितो आणि मोकळा होतो. मोठ्या मॅचला येणारा माणूस दर महिन्याला गोळ्या झाडत असतो. इथे येणारा माणूस रोज बंदूक बाळगतो आणि वर्षानुवर्षं चालवत नाही. पाहुणे वेगळे, तर व्यवस्थाही वेगळीच लागणार.

पार्किंगचा विचार न करणं

स्पर्धेची बंदूक बॅगेतून येते, रिकामी. कॅरी गन माणसाच्या अंगावर येते, भरलेली. हा एवढा फरक लक्षात ठेवलात तर निम्मं काम झालं.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदूक ठेवायला आडकाठी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय हँडगन जवळ बाळगता येते. त्याआधी परवान्यासाठी निदान रेंजवर जाऊन ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या मारून दाखवाव्या लागायच्या. परवाना अजूनही मिळतो आणि तो घेणारे आजही ही परीक्षा देतात. बाकीच्यांनी दुकानातून बंदूक घेतली, घरी भरली आणि खिशात टाकली. तुमच्या मॅचला हेही येणार आहेत. यायलाच हवेत, त्यांच्यासाठीच तर मॅच आहे.

एका क्लबाने फाटकावर ठळक बोर्ड लावला होता: 'कोल्ड रेंज. सर्व बंदुका रिकाम्या असाव्यात.' मुरलेल्या नेमबाजाला याचा अर्थ कळतो: बंदूक रिकामीच घेऊन यायची. एका नवख्या गृहस्थांनी मात्र तो बोर्ड वाचला आणि आज्ञाधारकपणे तिथेच, दोन पिकअप ट्रकच्या मधे उभं राहून, बंदूक रिकामी करायला घेतली. खिशातून पिस्तूल काढलं, गोळ्यांचं मॅगझिन काढून बॉनेटवर ठेवलं आणि 'रिकामं आहे ना' हे बघायला ट्रिगर दाबला. चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला झाडायला तयार असलेली गोळी तशीच होती. ती शेजारच्या ट्रकच्या पुढच्या टायरमध्ये गेली. टायरपलीकडे एक बाई खाली वाकून बुटाची नाडी बांधत होत्या. त्यांना काही झालं नाही, हे नशीब.

आयोजक त्या गृहस्थांवर असा काही डाफरला की ते पुन्हा कुठल्याच मॅचला दिसले नाहीत. माझ्या मते चूक बोर्डाची होती. भरलेली बंदूक घेऊन आलेल्या माणसाला 'रिकामी असावी' म्हणून सांगितलं, पण कुठे आणि कोणासमोर करायची ते सांगितलंच नाही, तर तो उभा आहे तिथेच करणार. मॅगझिन काढलं की बंदूक रिकामी झाली, हा नवख्यांचा सर्वांत जुना गैरसमज आहे. तो पार्किंगमध्ये फेडून घ्यायचा नसतो.

मी बोर्डावर एवढंच लिहितो: 'अंगावरच्या बंदुकीला हात लावू नका. आधी आम्हाला भेटा.' एक रिकामा बे, म्हणजे गोळ्या झाडायचा एक कप्पा, फक्त उतरवून घेण्यासाठी राखून ठेवतो. मातीच्या बांधाकडे तोंड, एका वेळी एकच माणूस, बाजूला एक सेफ्टी ऑफिसर. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढायची, चेंबर डोळ्यांनी बघायचं, बोटानेही चाचपायचं. बंदूक पर्समध्ये असेल तर अख्खी पर्स बांधाशी न्यायची आणि तिथे उघडायची. गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये असेल तर दिवसभर तिथेच राहू दे, मॅचसाठी दुसरी आणा. आणि हे सगळं संध्याकाळी उलट क्रमाने करायचं असतं. लोक घरी जाताना पुन्हा बंदूक भरतात, आणि तेव्हा सेफ्टी ऑफिसर टार्गेटं गोळा करण्यात गुंतलेले असतात. बे शेवटची गाडी जाईपर्यंत उघडा ठेवा.

यात सकाळचा अर्धा तास जातो आणि तरुण आयोजकांना तो फुकट गेल्यासारखा वाटतो. वाटू दे.

मोठ्या मॅचचे स्टेज जसेच्या तसे वापरणं

हे तर दर वेळचं. स्टेज म्हणजे मॅचमधली टार्गेटांची एक मांडणी. कुणाकडे मागच्या महिन्याच्या स्टेजचे कागद तयार असतात. १८ गोळ्यांचा स्टेज, शेवटचं टार्गेट २० यार्डांवर, मधे दोन पॉपर. नव्याने कोण काढत बसणार? मग त्यातलंच एखादं टार्गेट कमी करून ढकलून देतात.

आता त्या स्टेजवर पाच गोळ्यांचं आखूड रिव्हॉल्व्हर घेऊन कोण उभं राहतंय ते बघा. १८ गोळ्यांसाठी त्याला तीनदा भरावं लागणार. मॅच राहिली बाजूला, तो माणूस सगळा वेळ खिशात काडतुसं शोधत बसतो आणि मागे स्क्वॉड, म्हणजे पाळीची वाट बघणारा गट, ताटकळतो.

आणि पॉपर! पॉपर हे लोखंडी टार्गेट गोळीच्या धक्क्याने मागे पडण्यासाठी बनवलेलं असतं. धक्का मोजायचा सोपा हिशेब म्हणजे पॉवर फॅक्टर: गोळीचं वजन ग्रेन या बारीक मापात, गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले एक हजार. यूएसपीएसए या अमेरिकेतल्या नेमबाजी संघटनेच्या मॅचला किमान १२५ लागतो. रुगर एलसीपी हे २००८ साली आलेलं, २.७५ इंच नळीचं, .३८० कॅलिबरचं खिशातलं पिस्तूल घ्या. ९५ ग्रेनची गोळी एवढ्याशा नळीतून साधारण ८५० फुटांनी निघते. हिशेब ऐंशीच्या आसपास येतो. म्हणजे मोठ्या पिस्तुलांसाठी लावलेला पॉपर या गोळीला मान डोलावून दाखवील, पडणार नाही.

एका मॅचला एका निवृत्त नर्सबाईंनी पॉपरला ओळीने चार गोळ्या मारल्या. चारही बरोबर मधे, आवाज सगळ्यांना ऐकू आला. पॉपर उभा. त्यांनी मॅगझिन बदललं, आणखी दोन मारल्या, तरी उभाच. रेंज ऑफिसर नियमावर बोट ठेवून म्हणाला, 'पडला नाही, म्हणजे मिस.' बाईंनी शांतपणे बंदूक रिकामी करून दाखवली, सामान उचललं आणि निघून गेल्या. त्या दिवशी रेंजवर सर्वांत चांगला नेम त्यांचाच होता.

माझी सवय अशी. स्टेज कोऱ्या कागदावर काढायचा. एका दमात पाचच गोळ्या, टार्गेट पुठ्ठ्याचं, अंतर ३ ते १० यार्ड. लोखंड हवंच असेल तर लटकती प्लेट लावा, जी नुसती वाजते, आणि तीही १० यार्डांच्या आत नको. प्लेटवर खड्डे पडले असतील तर ती भंगारात टाका, शिशाचे तुकडे त्याच खड्ड्यांतून उलटे येतात. चार स्टेज पुरे. मॅच ५० गोळ्यांत संपली पाहिजे, म्हणजे एका खोक्यात. दहा औंसांचं पिस्तूल हाताला किती झोंबतं ते शंभर गोळ्या मारल्याशिवाय कळत नाही, आणि कळल्यावर लोक परत येत नाहीत.

याच्याच पोटातला दुसरा घोळ म्हणजे सगळ्यांना भरतील तितक्या गोळ्या भरू देणं. २०१५ च्या ग्लॉक ४३ मध्ये मॅगझिनला सहा गोळ्या. २०१८ मध्ये सिग पी३६५ आलं, जवळजवळ तेवढ्याच अंगाचं आणि दहा गोळ्यांचं. त्याच्या शेजारी पाच गोळ्यांचं जुनं स्मिथ अँड वेसन उभं करून दोघांना एका यादीत मोजायचं, ही कुठली स्पर्धा? सगळ्यांना पाच. ज्याला दहाची हौस आहे त्याने पुढच्या आठवड्यात मोठ्या मॅचला यावं.

स्लाइड ओढताना नळी कुठे वळते याकडे दुर्लक्ष

छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग कडक असते आणि स्लाइडला धरायला जागा नसते. उजव्या हाताचा नवखा माणूस काय करतो? पिस्तूल पोटाशी घेतो, डाव्या हाताने स्लाइड पकडतो आणि जोर लावण्यासाठी दोन्ही कोपर बाहेर काढतो. या पवित्र्यात नळी आपोआप डावीकडे वळते, म्हणजे थेट रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर. त्याला स्वतःला याचा पत्ताच नसतो, सगळं लक्ष स्लाइडकडे. मोठ्या पिस्तुलाला हे क्वचित होतं, कारण तिथे धरायला ऐसपैस जागा असते.

ओरडून उपयोग नाही, दचकून तो अख्खाच तुमच्याकडे वळतो. मी त्याच्या उजव्या खांद्यामागे हात पोचेल इतक्या अंतरावर उभा राहतो, आणि पहिल्या स्टेजच्या आधीच, बंदूक रिकामी असताना, पाय फिरवायला शिकवतो. उजव्या हाताच्या माणसाने अंग उजवीकडे वळवायचं. मग पिस्तूल पोटाशी आडवं धरलं तरी नळी बांधाकडेच राहते. दोन मिनिटांचं काम आहे. ते टाळून 'लोकांना माहीत असतं' म्हणणारे आयोजक मला मनापासून नकोसे वाटतात.

एवीतेवी रिकामी बंदूक दाखवण्याचा विषय निघालाच आहे, तर सेफ्टी ऑफिसरांनाही एक सांगून ठेवा. शेवटची गोळी सुटल्यावर प्रत्येक पिस्तुलाची स्लाइड मागे अडकून राहत नाही. पहिल्या पिढीच्या एलसीपीची राहत नाही. 'अनलोड अँड शो क्लिअर' (रिकामी करून दाखव) म्हटल्यावर स्लाइड पुढे दिसली म्हणून घाई करू नका, त्याला ती हाताने उघडून धरू द्या आणि आत बघा.

खिशातून ड्रॉ

ड्रॉ म्हणजे बंदूक झटकन बाहेर काढणं. खिशातून नको. घोट्यावरून नको, पर्समधून तर मुळीच नको. 'पण आम्ही तशीच बाळगतो ना!' हे मला दर वेळी ऐकावं लागतं. बाळगा. मॅचमध्ये सुरुवात टेबलावरून, किंवा बंदूक हातात आणि नळी खाली. तीन मॅच नीट करून दाखवा, मग कमरेच्या होल्स्टरचं बोलू.

आपल्या माणसांच्या बाबतीत होणारी चूक

मराठी मंडळातली मित्रमंडळी हौसेने बघायला येतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, 'अरे, दोनच गोळ्या मारू दे की, कोण बघतंय!' इथे भिडेला पडू नका. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं गुन्हा आहे. एच-१बी त्यात आला, विद्यार्थ्यांचा एफ-१ आला, आणि नातवंडांना भेटायला बी-२ वर आलेले काका-काकूही आले. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण ते ज्याने त्याने आधी आपल्या वकिलाकडून तपासून घ्यावेत, तुमच्या रेंजवर नव्हे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. नोंदणीच्या फॉर्मवर हा प्रश्न सरळ विचारा. ज्यांना चालवता येत नाही त्यांना टार्गेटवरच्या भोकांना ठिगळं लावायचं काम द्या, ते नेहमीच कमी पडतं. फक्त गोळ्यांचं खोकं त्यांच्या हातात देऊ नका.

बाकीच्या, पटापट

स्कोअर मांडून व्हायच्या आधी टार्गेटवर ठिगळं लावू देऊ नका, मग भांडणं मिटत नाहीत.

आयडीपीए या दुसऱ्या नेमबाजी संघटनेचीच पद्धत ठेवा: लागलेले सेकंद, अधिक गेलेल्या प्रत्येक गुणाला एक सेकंद. नवख्याला दोन वाक्यांत समजते. क्लबातल्या कुणी हुशाराने शोधलेलं नवं सूत्र त्याला स्वतःलाही दुपारनंतर आठवत नाही.

टॅब्लेटवर स्कोअर ठेवता ते ठीक, पण ऑगस्टच्या उन्हात टॅब्लेट तापून बंद पडतो. क्लिपबोर्ड आणि पेन्सिल जवळ असू द्या.

आवाज नेहमीपेक्षा बारीक, नुसता 'फुस्' असा आला तर लगेच थांबवा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सुटली तर नळी फुटते. छोट्या बंदुकीत हा फरक ओळखायला कान तयार लागतो, म्हणून टायमर नवशिक्या मदतनिसाच्या हातात देऊ नका.

शेजारच्या बेवर मोठ्या बंदुका चालू असतील तर टायमरची संवेदनशीलता कमी करा, नाहीतर त्यांच्या गोळ्या तुमच्या माणसाच्या वेळेत मोजल्या जातात.

जेवणाआधी हात गार पाण्याने आणि साबणाने धुवायला लावा. बोटांवर शिसं असतं आणि सँडविच काही थांबत नाही.

बक्षिसाला रोख रक्कम ठेवू नका. पहिल्या तिघांऐवजी चिठ्ठ्या टाकून गोळ्यांचं एक खोकं द्या. नवख्यांना थांबायला निमित्त मिळतं, आणि टार्गेटं उचलायला माणसंही मिळतात.