गंगापूर धरणात बोटींसाठी बोये कसे लावायचे

बोया म्हणजे बोटींना वाट आणि धोका दाखवणारी, पाण्यावर तरंगती खूण. ड्रमला दोरी बांधून पाण्यात सोडला की झाला बोया, असं खरंच नसतं. आधी जलसंपदा विभागाची परवानगी, मग पाण्याची मापं. आणि ही मापं मे महिन्यातच घ्या, तेव्हा पाणी उतरलेलं असतं, काळे कातळ उघडे पडतात, एकेकाचं लोकेशन मोबाईलमध्ये सेव्ह करा, फोटो काढा, कारण धरण भरलं की तोच कातळ पाण्याखाली हातभर जातो आणि वरून काहीच कळत नाही, बोटीचा पंखा लागला की मगच कळतं.

रंग मनाने ठरवू नका प्लीज. १९८० मध्ये जगभरासाठी एकच पद्धत ठरली, त्यात अ आणि ब असे दोन भाग आहेत, आपण अ मध्ये. समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला (अमेरिकेत बरोब्बर उलटं). धरणात भिंतीकडून नदीच्या वरच्या अंगाला जाणं म्हणजे "आत" धरायचं आणि तसा बोर्ड धक्क्यावर लावायचा. लाल बोया डब्यासारखा, वरून सपाट, हिरवा वर निमुळता ठेवा, संध्याकाळी रंग ओळखू येत नाही पण आकार येतो. चहूबाजूंनी खोल पाणी आणि मध्येच एक कातळ असेल तर तिथे काळा बोया, मधे लाल पट्टा, वर दोन काळे गोळे.

आता बोया जागेवर धरून ठेवणाऱ्या, तळाशी सोडलेल्या ठोकळ्याचं वजन, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. काँक्रीटचा १०० किलोचा ठोकळा पाण्यात साधारण ६० किलोच भरतो, तेव्हा हिशोब पाण्यातल्या वजनाचा करा. दोरीचं तर त्याहून अवघड, धरण भरलेलं असताना पुरेल एवढी ठेवली तर उन्हाळ्यात ती ढिली पडते आणि बोया वाऱ्याने भरकटत भलतीकडे जाऊन उभा राहतो. त्यावर उपाय म्हणजे ठोकळ्याची दोरी बोयाच्या खालच्या कडीतून ओवून घ्यायची आणि मोकळ्या टोकाला छोटं वजन लटकवायचं, पाणी उतरलं की ते वजन खाली जातं आणि दोरी बरीचशी ताणलेली राहते. छोटं वजन बोया बुडेल एवढं मात्र नको.

केमिकलचे रिकामे ड्रम अजिबात वापरू नका, नाशिक शहर हे पाणी पितं.

पहिल्या मोठ्या पुरानंतर प्रत्येक बोया मे मधल्या लोकेशनशी ताडून बघा, सरकलेला असेल तर जागेवर आणेपर्यंत तेवढ्या पट्ट्यात बोटी सोडू नका.