सिमेंटचे पत्रे उतरवताय? ग्राइंडर खाली ठेवा आधी

मे महिना आला की गावाकडं छपराची कामं निघतात. मागच्या वर्षी आमच्या गोठ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे काढायचे होते, मिस्त्री ग्राइंडर घेऊनच वर चढला आणि दोन मिनिटांत अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर पिठासारखी धूळ. खाली बोलावलं तर म्हणतो, अहो सिमेंटच आहे ना ते!

सिमेंटच आहे, पण आत अ‍ॅस्बेस्टॉस आहे. जुना पत्रा तुटला की कडेला केसांसारखे तंतू दिसतात ना, तेच, आणि खरे घातक ते असले दिसणारे नाहीत, डोळ्यांना न दिसणारे. हा खाणीतला दगडच आहे, जळत नाही, गंजत नाही, स्वस्त, म्हणून पत्र्यांत, पाण्याच्या पाइपांत, ब्रेक लायनरमध्ये सगळीकडं घातला. धूळ छातीत गेली की तंतू तिथं विरघळत नाहीत, फुप्फुसाला वण पडतात, दम लागतो, कॅन्सरही होतो, आणि हे सगळं २०-४० वर्षांनी, त्यामुळे कुणी पत्र्याकडं बोट दाखवत नाही. ब्रिटननं १९९९ मध्येच बंदी घातली, आपल्याकडं पत्रे अजून सर्रास मिळतात.

घाबरून लगेच छप्पर उकलू नका मात्र. पत्रा धड असेल, तडा नसेल तर राहू द्या, भोकं पाडू नका, शेवाळ तारेच्या ब्रशनं घासू नका आणि प्रेशर पंप तर अजिबात नको.

काढायचाच असेल तर शक्यतो जाणकार माणूस बघा. खाली पोरं, जनावरं, वाळवण काही नको. पत्र्यावर सरळ पाय द्यायचा नाही, जुना पत्रा खचतो आणि माणूस खाली, हा धोका कॅन्सरच्या आधीचा आहे बरं का, फळ्या टाकूनच चाला. फवारणीचा पंप धुऊन घ्या (औषधाचा वास गेला पाहिजे), पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, हलकं फवारून पत्रा ओला करा पण चालायची जागा निसरडी होऊ देऊ नका. हुक गंजलेले असतात, पत्रा ओढून तोडण्यापेक्षा हुकच कापा आणि अख्खा पत्रा दोघांनी धरून उतरवा, वरून फेकायचा नाही. रुमाल किंवा साधा सर्जिकल मास्क कामाचा नाही, सेफ्टीच्या दुकानात पी-१०० फिल्टरवाला मास्क मागा आणि त्यासाठी दाढी साफ करा, नाहीतर कडेनं हवा आत येते.

खाली पडलेला चुरा झाडूनं झाडायचा नाही, ओल्या फडक्यानं टिपा आणि फडकंही टाकून द्या. कपडे घरी आणून बायकोला किंवा आईला धुवायला देऊ नका, नवऱ्याचे कामावरचे कपडे झटकून झटकून बायकांना हे आजार झालेले आहेत. जुनेच कपडे घाला आणि तिथंच पिशवीत भरा.

पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून टेप मारा आणि नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा कुठं द्यायचे, कारण मलब्यात मिसळले की कुणीतरी ते रस्त्यावर भरणी म्हणून पसरतो आणि वरून ट्रॅक्टर जातात. खुराड्यासाठी शेजाऱ्याला पण देऊ नका, मागायला येतोच तो.

कुणी वर्षानुवर्षं पत्रे कापायचंच काम केलं असेल तर डॉक्टरला ते आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही, आणि बिडी-सिगारेट असेल तर ती सोडा, दोन्ही मिळून फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो.