हिरवं, लाल आणि गायमुखचा चढ

मे महिन्यातली दुपार. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला, गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावला नाही. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

गार झाल्यावर पाहिलं तर कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत तपकिरी गाळ, बोटाला साबणाच्या लगद्यासारखा. मग आठवलं, दोन महिन्यांपूर्वी लेव्हल कमी म्हणून मीच हिरवं कूलंट ओतलं होतं. आत होतं लाल. ‘सगळं सारखंच असतं’ असं दुकानदार म्हणाला आणि मीही मान डोलावली.

रंग हा नुसता रंगच, त्यावरून काही ठरत नाही. खरा फरक गंजरोधकांत: जुन्या हिरव्यात बहुधा सिलिकेट-फॉस्फेट, ओएटी (ऑरगॅनिक ॲसिड टेक्नॉलॉजी) प्रकारात सेंद्रिय आम्लं. ती एकत्र आली की संरक्षण घटतं, कधी असा गाळ धरतो. मॅन्युअलमध्ये दिलेलं स्पेसिफिकेशन बाटलीवर शोधायचं, बस.

वागळे इस्टेटमधल्या मेकॅनिककाकांनी सिस्टिम तीनदा फ्लश केली. मग निम्मं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट), निम्मं डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी नाही, क्षार साचतात. नुसतं पाणी १०० अंशांना उकळतं, हे मिश्रण साध्या दाबालाही १०७च्या आसपास. (तयार मिक्स असेल तर पाणी घालायचंच नाही.) आत अडकलेली हवा निघावी म्हणून हीटर फुल करून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवलं.

‘टॉपअपला पण हेच हां,’ म्हणत काकांनी उरलेली बाटली डिकीत ठेवली.